हातचा

सोहारच्या भट्टीघरात पहिल्याच पाळीला
खमीस अल-बादीने माझ्या तळहातावर
चार खिळे ठेवले. म्हणाला, शूफ, बघ.
खिळे उभे राहिले.
उभे राहिले आणि जरासे कलले,
वीज नेणाऱ्या पट्ट्यांकडे कान लावल्यासारखे.
हाताला काही लागलं नाही, टोचलं नाही, वास नाही.
मनगटावर भावाने दिलेलं चावीचं घड्याळ होतं,
ते तेव्हापासून पावणेसहाला आहे.

शाल्मली बारावीला. कुडाळहून शुक्रवारी फोन:
बाबा, क्षेत्र खरंच असतं का?
की हिशोबाला बरं पडतं म्हणून माणसांनी मानलेलं?
बाई म्हणाल्या, हे परीक्षेला येत नाही.

मी म्हटलं, खिळे उभे राहतात.
ती म्हणाली, ते खिळ्यांचं झालं,
मी क्षेत्राचं विचारतेय.

आमच्याकडे क्षेत्र सातबाऱ्यावर असतं:
शून्य हेक्टर, अकरा आर, खाली पोटखराबा.
त्या अकरात गांडूळ नाही, चिखल नाही,
बांधावरच्या कुंभ्याची सावली नाही.
तरी त्या आकड्यापायी माझे दोन सख्खे चुलते
बारा वर्षं एकमेकांच्या अंगणात आले नाहीत.

आणि ऊर्जेचं तर नावच नको.
एका टनाला चौदा हजार युनिटं, फलकावर लिहिलंय.
युनिट मी पाहिलं नाही. मी पाहिला
झाकण उचलल्यावरचा नारिंगी उजेड,
घशात उतरणारा कोरडा चटका.
गॅस जळतो, चक्र फिरतं, धातू सुटतो,
उरलेलं समुद्रावरच्या वाऱ्याला तापवत जातं
आणि सगळ्याची बेरीज आधी होती तेवढीच.
नेरूरकर मास्तर खडू आपटून विचारायचे,
हातचा कुठाय रे?
सात नि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक.
हातात काहीच नसायचं.
मी मूठ मिटून धरायचो, सांडू नये म्हणून.

तावडे असलं बोलू देत नाही.
मार्चमध्ये मस्कतला त्याच्या छातीत यंत्र बसवलं,
तेव्हापासून तो भांडारात हातमोजे मोजतो.
भट्टीघराच्या दारात लाल रेघ आहे,
यंत्रवाल्यांनी तिच्यापुढे यायचं नाही.
अठरा वर्षं ज्या ओळीत राबला ती तिथून दिसते.
पाळी बदलताना तो येतो,
बुटाचं टोक रंगाला लावून उभा राहतो.
तुझ्या पोरीला सांग, म्हणतो,
मानलेल्या गोष्टीपुढे माणूस थांबतो, कबूल.
देवापुढे, साहेबापुढे, जातीपुढे थांबतोच.
पण हे मी नाही मानलं, तरी मला थांबवील.

मी म्हटलं, तावडे, रेघ रंगाची आहे.
कुणीतरी मीटर धरून आखली.
ते रेघेवर संपत नाही, विरळ होत जातं,
गोदामापाशी विरळ, बंदरापाशी आणखी विरळ,
गणिताने धरलं तर कुडाळलाही पुरतं शून्य नाही.
तो हसला, छातीवर हात ठेवून, जपून:
म्हणजे घरी गेलो तरी सुटका नाय.

आज परतीच्या बसमध्ये खिशात एक खिळा सापडला.
तळहातावर ठेवला. आडवा पडला,
कुठल्याही खिळ्यासारखा.
तरी फलज अल-कबाइलचे दिवे येईपर्यंत
हात तसाच पुढे धरून बसलो.
शेजारचा सिल्हेटचा पोरगा म्हणाला, काय मागतोस?

मग शाल्मलीला लिहिलं:
माहीत नाही. तावडेकाकांना विचार,
आणि घड्याळ दुरुस्त करायचं राहिलंय.
दोन टिका उमटल्या, निळ्या झाल्या.
मधे अख्खा समुद्र.
त्याला काही कळलं नाही.