सुकतीची बाजू

साडेतीन दिवस, एक्केचाळीस ठिकाणी तिवई रोवून
कोटाचा एकेक चिरा मोजला.
लेसर गेला, आदळला, परत आला –
बुरूज, जंग्या, दिंडीदरवाज्यावरचा झिजलेला हत्ती,
पायरीवर कुणीतरी विसरलेली कोयती.
एक शेळी मध्येच चालत गेली,
ती अर्धीच उमटली.
एकशे ऐंशी कोटी ठिपके.

गुंडू तारीनं त्याच्याच होडीतून यंत्र आणलं होतं,
मांडीवर घेऊन, जावळ न काढलेल्या पोरासारखं.
आधी त्याला दाखवायचं कबूल केलेलं.
बर्फाच्या कारखान्यात नेट येतं, तिथे लॅपटॉप उघडला.
त्यानं कोट फिरवून बघितला,
वरून, खालून, भिंतीतून आरपार,
आणि म्हणाला, "दर्या खंय गेलो?"

सांगितलं, पाण्यावरून किरण परत येत नाही.
जिथे दर्या, तिथे फाइलीत नुसतं काळं.
"म्हणजे तुझ्या कोटाक दर्याच नाय!"
तो हसला. "मगे हो बांधलो कित्याक?"

अपलोड करताना विचारतात, कुणाला वापरू द्यायचं.
मी 'कुणालाही, कशासाठीही' वर बोट ठेवलं.
कुणी यातून खेळ करील, कुणी हॉटेलची भिंत,
कुणी समुद्र न पाहिलेलं पोर
बुरुजाचे थर मोजत बसेल. मोजू दे.
चिरे वाहणाऱ्यांची नावं तरी कुठं नोंदलीत.

गुंडू पडद्याजवळ सरकला.
पश्चिमेला, तटाच्या पायाशी,
तिसऱ्या दिवशी ऐन सुकतीला उघडी पडलेली खडपं
स्वच्छ आली होती, भेगाभेगांसकट.

हसू गेलं.
"कोट दी. कोट काय, सगळ्यांचोच.
पण हीं खडपां नको.
थंय शेवंती कालवां काडता.
तिच्या आवशीन तिका दाखवलेली जागा.
माका सुद्धा लग्नानंतर धा वर्सांनी कळली."

मागे कुणी बर्फाची लादी फोडत होतं.
मी माउसनं एक वेडीवाकडी चौकट ओढली.
चव्वेचाळीस लाख ठिपके
पिवळे झाले,
मग गेले.

फाइल चढायला एकतीस तास लागले.
माहितीच्या रकान्यात तारीख, यंत्राचं नाव,
अचूकता : तीन मिलिमीटर.
आणि खाली एक ओळ –
पश्चिम बाजू : भरती होती. नोंद नाही.