चार चाळीस

निर्मला गावंडे आली, पिशवीत लेकीची पत्रिका.
"सिस्टरबाई, टाइम पाहून देता का बराबर?
तिसरं स्थळ मंगळापायी वापस गेलं.
गुरुजी म्हणते, जन्म अर्धा घंटा मांगं असता
तर मंगळ घर सोडून सरकते."

मे महिना होता. लाइन गेलेली.
दोन खाटा, दोन्हींवर बाया,
पार्बताच्या हातात कंदील, माझ्या दातात टॉर्च.
गावंडेंच्या मुलीची नाळ कापेस्तोवर
पलीकडे उईकेबाईच्या बाळाचं डोकं दिसू लागलं.
मग वार, मग एकीचं रक्त थांबेना,
मग हात धुतले, भिंतीकडे पाहिलं
आणि रजिस्टरात दोघांपुढे एकदमच लिहिलं:
चार चाळीस.

घड्याळ पतसंस्थेनं भेट दिलेलं.
उन्हाळ्यात मागे पडायचं.
सेल बदलला की पार्बता ते
आर्वीच्या गाडीच्या हॉर्नवर लावायची,
आणि आर्वीची गाडी कधी वेळेवर आलेली
मला तरी आठवत नाही.

त्या घड्याळावर अठ्ठावीस वर्षं
पंचक्रोशीचे ग्रह फिरले.
कुणाला शनी लागला, कुणाचा गुरू उच्चीचा,
दशा निघाल्या थेट घटका-पळांपर्यंत.
सेकंदकाटा तेवढा
गुळाला चिकटलेल्या माशीसारखा
एकाच जागी फडफडत राहिला.

मंगळ मी पाहिलाय, रात्रपाळीत, हातपंपावर.
तांबडा ठिपका. आमच्याकडे पाठ की तोंड
तेही कळत नव्हतं.

"तर मंग लिहून द्या ना, चार दहा."
तिनं कागद काढला, पेनाचं टोपण उघडून दिलं.
खोटं आहे म्हणावं, तर खरी वेळ कुणाकडे आहे?

लेक दाराशी उभी होती, अर्पिता.
कृषी केंद्रात पर्जन्यमापक वाचते,
रोज सकाळी साडेआठला, भांडं डोळ्यांच्या रेषेत धरून.
"सिस्टर, घड्याळाची चूक किती मिनिटांची होती?"
"कोणत्या दिवशी?" मी म्हटलं.
ती हसली. आई नाही हसली.

वजनकाटा मात्र मी रोज शून्यावर आणायची.
म्हणून कागदावर तेच लिहिलं:
दोन किलो सातशे ग्रॅम. लगेच रडली.

"याचं काय करू बाप्पा मी?" निर्मला म्हणाली.
कागद अर्पितानं घेतला.

उईकेबाईचा पोरगा दोन किलो नऊशे.
त्याचीही वेळ तीच.
ती विचारायला अजून कुणी आलेलं नाही.