बर्फाची फेरी

पहाटे साडेचार. पैठणच्या बर्फ कारखान्यातून
बावीस लाद्या, तुसात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या,
आणि शेजारच्या सीटवर मेथर,
मालवणहून आलेला, कॉम्प्रेसर दुरुस्त करायला.
गास्केट येईपर्यंत त्याला काम नव्हतं.
म्हटलं चला, आमचा समुद्र दाखवतो.

धरणाची भिंत मागं पडली की रस्ता
पाण्याला धरून चालतो. पाणी रस्त्याला धरून नसतं.
वैशाखात ते मैलभर आत सरकलेलं
आणि त्याच्या मागं मागं मोटारींचे काळे पाइप,
बापाचं बोट सुटलेल्या पोरांसारखे.

मेथर काच खाली करून हुंगत राहिला.
"ह्येका तुमी समुद्र म्हणतास? वास खंय आसा?"
वास होता. गाळाचा, वेड्या बाभळीचा,
उसात सोडलेल्या मळीचा.
मी गिअर बदलला.

पहिल्या थांब्यावर तीन लाद्या.
थर्माकोलच्या तराफ्यांवर मांडी घालून बसलेली माणसं
हातानं पाणी मारत काठाला येत होती.
एका पोराकडं वल्हं म्हणून
निवडणुकीच्या बोर्डाची फळी, तिच्यावर अर्धा हसरा चेहरा.
मेथर उतरला. तराफ्याची गाठ सोडली
आणि पुन्हा बांधली, त्याच्या पद्धतीनं.
पोरगं बघत राहिलं. ओढून पाहिली. सुटेना.

पुढं गाळपेर.
पाण्यानं वापस केलेल्या जमिनीवर टरबुजाचे वेल,
राखणीला खाटेवर एक म्हातारा, त्याच्या उशाशी रेडिओ.
भरती इथं वर्षातून एकदा येते,
तिकडं नाशकाला पाऊस पडला की,
आमचं आभाळ कोरडं असलं तरी.
हे मी त्याला समजावत होतो तोवर
टेम्पोतून गळणारं पाणी रस्त्यावर बारीक रेघ ओढत होतं
आणि दोन कुत्री ती चाटत मागं येत होती.

तिसरा थांबा सागरबाईचा.
नाव सागरबाई, पण परभणीपलीकडं कधी गेलेली नाही.
काट्यावर कटला, चिलापी, एक वळवळती वाम.
मेथरनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं,
थुंकेल वाटलं, गिळलं.
"गोडा," म्हणाला, तक्रार केल्यासारखा.

सागरबाईनं बोट केलं.
पाण्याबाहेर हातभर दगडी डोकं,
वर पाणकावळा, पंख वाळवत.
"मारुतीचं देऊळ. त्याच्या उजव्या अंगाला माझ्या मायची चूल.
एखाद्या उन्हाळ्याला उंबरा वर येतो.
मी जाऊन झाडून येते."
मग लादीवर टोच्या मारता मारता तिनं विचारलं,
"तुमच्या समुद्राखाली कुणाचं गाव हाय?"

मेथरनं हात पँटला पुसले. पुन्हा पुसले.
"नाय," म्हणाला. "आमचो माणसां व्हरता. गाव नाय."
"मंग उंबरा तरी ऱ्हातो," ती म्हणाली,
आणि सुट्टे पैसे मोजू लागली.

परतताना ऊन चढलं. मागं नुसतं ओलं तूस.
मेथरच्या मांडीवर पेपरात वाम,
पैसे न घेता दिलेली.
मध्येच त्यानं गाडी थांबवायला सांगितली,
चपला हातात घेऊन चिखल तुडवत गेला,
घोटाभर पाण्यात उभा राहिला, पाठमोरा.
लाट आली नाही.
वाऱ्यानं एक सुरकुती पडली
तेवढी त्याच्या पायावरून गेली.

माझा फोन वाजला. कारखाना.
गास्केट आलं असणार.
मी वाजू दिला.