डावा खालचा कोपरा

गोर्लित्समध्ये नदीच्या अलीकडे जर्मनी, पलीकडे पोलंड.
अलीकडच्या काठावर, तिसऱ्या मजल्यावर
राइनहिल्ड कुप्श राहते.
सव्वीस वर्षं तिनं भिंगं तपासली.
कारखाना बंद झाला तेव्हा
एक पांढरा कोट तेवढा घरी आणला.

मी तिच्याकडे भिंग घेऊन गेलो,
जुन्या बाजारात बारा युरोला मिळालेलं,
आत बुरशीचा एक धागा.
नव्या कॅमेऱ्यावर चढवून समोरच्या विटांच्या भिंतीचा
फोटो काढला होता, तो मोठा करून दाखवला.
मधे बघा, म्हटलं, दोन विटांमधला चुना मोजून घ्यावा.
आणि इथे, डाव्या खालच्या कोपऱ्यात,
विटा नव्हेत, चहात बुडवलेली बिस्किटं.

तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही.
भिंगाच्या कड्यावरचा आकडा वाचला,
नखानं.
"नोव्हेंबर. एकाहत्तर असावं.
तिसरी काच केसभरही नाही, केसाच्या दहाव्या हिश्शानं सरकलीय.
दिसलं होतं मला."

मग?

"मग काय. महिनाअखेर.
काच बसवली होती गुड्रुननं, शेजारच्या टेबलावरच्या.
तिची त्या महिन्यातली तीन परत गेली होती,
चौथं गेलं असतं तर तिला खोकी बांधायला पाठवली असती.
शिक्का मारला मी.
म्हटलं, फिल्म सांभाळून घेईल."

आणि फिल्म घेतेच की सांभाळून.
कॅमेऱ्यात ती कधी पुरती सपाट बसत नाही,
दमट हवेत किंचित पोट काढते,
तिला स्वतःची जाडी असते, उजेड तिच्यात थोडा मुरतो,
चांदीचे कण एकमेकांना रेटत उभे;
कड हुकली की कण हलला,
कोण शपथेवर सांगणार?
सेन्सरचं तसं नाही.
तिथे प्रत्येक जण आपापल्या चौकोनात उभा,
विचारलं तेवढं सांगतो,
आणि विचारणारे आम्ही, बोटानं ताणून ताणून.

मला वाईट वाटलं. बोललो,
सेन्सरवरही एक काच असते, दोन मिलिमीटरची,
तिरपा किरण तिच्यात वाकतो,
हे भिंग घडलं तेव्हा ती काच कुणाच्या स्वप्नातही नव्हती.
निम्मा दोष आमचा धरा.

ती हसली. बशीतली शेवटची करंडी माझ्याकडे सरकवली.
"तुझी काच चारी कोपऱ्यांना सारखीच ना?
बाकीचे तीन बघ."

बघितले.
तिन्हीकडे वीट म्हणजे वीट.

"दुरुस्त करून देऊ? तासाचं काम.
नाहीतर असं कर, त्या कोपऱ्यात गवत ठेव, पाणी ठेव,
माणूस ठेवू नकोस."

गुड्रुन कुठे असते आता, मी विचारलं.
तिनं खिडकीतून पुलाकडे पाहिलं, की पुलापलीकडे,
ते मला नीट कळलं नाही.

निघताना म्हटलं, एक फोटो काढतो तुमचा, याच भिंगानं.
तिनं कोट घातला. वरचं बटण लागेना, तसंच राहू दिलं.
मग खुर्ची उचलून सरकत सरकत
चौकटीच्या डाव्या टोकाशी गेली
आणि खाली बसली.

"कशावर काढतोयस?"
फिल्मवर, मी म्हणालो.
"नको," ती म्हणाली. "दुसऱ्यावर काढ."