डोरीचं वजन

वर्षातून तीनदा मी बोटीने या बेटावर येते.
एका पेटीत लसी, दुसरीत जंताच्या गोळ्या.
मासळीचा कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली,
पण त्याचा काटा अजून खरं बोलतो.
कुत्री मी त्याच्यावरच तोलते.

हेडली कीपिंग आला, डोरीला घेऊन.
काळी लॅब्राडॉर, होडीचं नाव ठेवलेली
आणि आता होडीइतकीच रुंद.
काट्यावर चढायला तिला बिस्किट दाखवावं लागलं,
उतरायला दुसरं.
एकेचाळीस किलो.
कार्डावर, सप्टेंबरात: बत्तीस.

"काय घालतोस हिला?"
"मापाने. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक.
हिची भूकच तशी. परवा माझा हातमोजा खाल्ला, डावा.
मग उजव्याची वाट बघत बसली."

मी त्याला सांगितलं, मला शिकवलेलं:
यांच्यातल्या काहींच्या रक्तात
एक बारीकसा दुवा गळालेला असतो,
'पुरे' हा निरोप पोचवणारा.
निरोप्या घरून निघतच नाही.
ताट संपतं, जेवण संपत नाही.

हेडली हसला.
"माझा आजा वेगळं सांगायचा.
त्याची कुत्री बर्फगार पाण्यात उडी घ्यायची
जाळ्यातून निसटलेल्या एका माशासाठी.
मासा मालकाचा, डोकं तिचं, असा करार.
भूक नसलेली कुत्री काठावर बसून राहायची,
आणि काठावर बसणारीची पिल्लं
कोण ठेवून घेणार?"

दोन्ही खरं असेल.
मी कार्डावर लिहिलं: खाणं कमी.

मग विचारलं, सेलिनाचं शेवटी कसं होतं.
मला फेब्रुवारीतच कळलं होतं, पण बोटी बंद होत्या.
"जेवायची," तो म्हणाला.
"डॉक्टर म्हणाले होते, आता नाही जेवणार.
पण भिजवलेला कडक पाव, खारा कॉड,
वर चरबीचे कुरकुरीत तुकडे, एखादा भाजलेला बटाटा...
मी ताट ठेवून चुलीत लाकूड घालायला जायचो,
परत यावं तर ताट लख्ख.
रोज. शेवटच्या रविवारपर्यंत."

मी काट्याकडे पाहिलं.
नऊ किलो, एका हिवाळ्यात.
काही बेरजा मोठ्याने करायच्या नसतात.
डोरी माझ्या खिशाला नाक लावून उभी.
जगात कुठे काय का होईना,
बिस्किट याच खिशात आहे, तिला पक्कं ठाऊक.

हेडलीने पट्टा मनगटाला गुंडाळला,
सोडला, पुन्हा गुंडाळला.
"बटाट्याची सालं," तो म्हणाला.
"सत्तेचाळीस वर्षांत तिने कधी खाल्ली नाहीत.
ताटाच्या कडेला रांगेत लावून ठेवायची.
तीही नसायची."

"मग?"
"मग काय. दुसऱ्या दिवशी जरा जास्त वाढायचो."

कार्डावरचं मी खोडलं नाही, वजन ते वजन.
फक्त 'कमी'च्या आधी
'हळूहळू' लिहिलं.

बोटीतून मागे पाहिलं, तर चढावर दोघं.
डोरी त्याला घराकडे ओढत होती
सगळी ताकद लावून,
सहा वाजायला आले होते म्हणून.