चार ते सहा, रुवी

अर्ज घेऊन सहा कंपन्यांत फिरले.
"कळवतो," म्हणाले. अजून कळवतायत.

मग एसी दुरुस्त करायला आलेल्या दरविशनं
जिन्याखाली बसलेली पोरं पाहिली,
शाळा सुटलेली, आईबाप ड्यूटीवर.
दुसऱ्या दिवशी एक मेलेला कॉम्प्रेसर आणून ठेवला:
"उघडू दे त्यांना. बिघडायचं ते बिघडून झालंय."

खोली मर्सीच्या शिवणक्लासची. भाडं नाही,
अट एकच, टाचण्या मोजून परत.
खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमधून
दर गुरुवारी कारखानीस येतात,
खिशात क्षार मोजायचं यंत्र,
ऑफिसला न सांगता.
करारबिरार नाही. एका बिलाच्या पाठीवर
तीन लिप्यांत तीन सह्या.

आज पोरांनी एसीच्या नळीखाली बादली लावली.
सप्टेंबरची चिकट हवा,
दोन तासांत पावणेदोन लिटर.
"समुद्राचं पाणी आहे," शर्वाणी म्हणाली.
"खारट कुठंय?" सालिम, बोट चाटत.
कारखानीस काही बोलले नाहीत,
यंत्र तेवढं पुढं केलं.
आकडा जवळजवळ शून्य.

वाद अजून मिटलेला नाही.

मर्सीला टाचण्या तीन कमी आल्या.
त्या कुठल्या सर्किटमध्ये अडकल्यात
मला ठाऊक आहे. दिवा लागेपर्यंत
सांगणार नाही.