दोन बोटांची फट

सोलापुरात कसली आलीय थंडी, म्हणून हसतात लोक.
त्यांनी गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानावर
पत्र्याच्या टेम्पोत रात्र काढलेली नसते.
पहाटे तीनला तळ्यावरून वारा सुटतो
आणि पत्रा हाताला चावतो.

दस्तगीर पाळणेवाला दुपारी दुकानी आला,
बगलेत गॅसचा हीटर, खाली छोटी टाकी,
जुन्या बाजारात साडेतीनशेला घेतलेला.
"मामा, पेटतो, पण पिवळा पेटतो."
पिवळा म्हणजे उपाशी बे तो, मी म्हटलं.
हवा पुरत नाही त्याला.

जेट काढला. आत कोळ्याचं जाळं,
एवढंसं,
मी आयुष्यभर विणलं त्याहून बारीक.
सुईनं ओढलं. नळीला साबणाचा फेस फासला,
एका जागी फुगा धरला, नळी बदलली.
पेटवला तर निळा,
जाळी हळूहळू लालबुंद.

सांगायचं ते सांगितलं.
गळणाऱ्या गॅसला वास असतो, मुद्दाम घातलेला.
हवा कमी पडली की जळून जे उरतं त्याला नसतो.
ते चपला हातात घेऊन येतं.
खिडकी दोन बोटं उघडी ठेव, वरची झडपही,
आणि निजायच्या आधी बंद कर.
बारीक नाही. बंद.
दस्तगीर मान हलवत होता,
माणसं भाव पाडताना हलवतात तशी.
साठ झाले होते. पन्नास दिले.

रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि अंथरुणावर पडल्यावर यल्लप्पा.
माझा मेहुणा.
अक्कलकोट रोडला ट्रकच्या केबिनीत
कोळशाची शेगडी घेऊन निजला, काचा घट्ट वर.
सकाळी गाल गुलाबी होते.
बायका म्हणाल्या, किती गाढ झोपलाय.

उठलो. सायकल काढली.

मैदान निजलेलं. पाळणा थांबलेला,
खालच्या डब्यात एक कुत्रं वेटोळं करून.
दस्तगीरची खिडकी बंद होती.
बंद नव्हे, बुजवलेली,
फटीत चादरीचं टोक कोंबून.
बॅटरी मारली.
मोर.
लाल पट्टीवर मोर, शेपटीत सात डोळे.
बाजारात सगळे सहाच पाडायचे.
सातवा माझ्या हातानं पुठ्ठ्यात पडला होता, चुकून,
मग शेटला आवडला म्हणून राहिला.
ते माग भंगारात गेले त्याला अठरा वर्षं झाली.
चादर अजून विरली नव्हती.
वाऱ्याचा एक धागा आत जाऊ देत नव्हती.

मी पत्रा बडवला.
बडवत राहिलो.
कितीतरी वेळानं शमशादचा आवाज, जड,
जिभेवर ओलं फडकं ठेवल्यासारखा.
दार उघडलं, आतली ऊब तोंडावर आली,
चांगली ऊब, खोटं कशाला बोलू.
पोरगी पायरीवर ओकली.
दस्तगीर शिव्या देत उतरला,
दोन पावलं चालला आणि बसला.
"डोकं लई दुखतंय मामा."
बोलू नको, म्हटलं. वारा खा.

तोंडावर फडकं धरून आत हात घातला, हीटर बंद केला.
ज्योत निळी होती, कडेला जरा पिवळी धरलेली.
माझं काम चोख होतं.
चोख कामालाही हवा लागते
हे मी पन्नास रुपयांत सांगितलं नव्हतं का?
सांगितलं होतं.
पुरेसं नव्हतं.

रिक्षानं तिघांना सिव्हिलला नेलं.
नाकाला नळ्या लावल्या, बाटलीतली हवा दिली,
डॉक्टर पोरगा माझ्यावरच ओरडला,
म्हणजे मला बाप समजून.
मी ओरडून घेतलं.
चादर ओढून आणली होती ती पोरीला गुंडाळली.
ही अंगाला असते बे, शमशादला म्हटलं,
खिडकीला नसते.
तिनं बोटानं डोळे मोजले मोराचे. सहा.
मग परत मोजले.

दुसऱ्या रात्री पुन्हा सायकल.
हीटरचा उजेड नव्हता.
खिडकीत काळी फट दिसली, तिच्यात बोटं घालून पाहिली.
एक. दोन.
आतून दस्तगीर म्हणाला,
"झोपा की मामा."